चाळीस फुटांवरची ठिणगी

अण्णांनी पाईप मागितला तेव्हा मला वाटलं, मोरीतला नळ पुन्हा गळायला लागला.

"दीड इंची पीव्हीसी," ते म्हणाले. "हातभर लांब पुरे."

मी ऑफिसला निघाले होते, स्कूटरची किल्ली सापडत नव्हती. प्लंबरला फोन करते म्हटलं, तर म्हणाले, "प्लंबर बेड, नको तो. मला त्याच्यावर तार गुंडाळायची आहे."

आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. कुवेंपुनगरातल्या त्या घरात अण्णा आणि मी, दोघंच. माझं लग्न टिकलं नाही, त्यामुळे मी बऱ्याच वर्षांपूर्वीच परत आले होते. एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहिते. अण्णा सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकल ट्रेड शिकवायचे. मोटार वाइंडिंग हा त्यांचा खास विषय. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी जळक्या मोटारीचा वास आला की ते रस्त्यात थांबायचे.

आई होती तोवर आम्ही दोघं एकमेकांशी तिच्यामार्फत बोलायचो. "अण्णांना सांग, गोळ्या संपल्यात." "पुट्टीला विचार, किती वाजता येणार." मी शेहेचाळीस वर्षांची, तरी त्यांच्यासाठी पुट्टीच, म्हणजे छोटी. आई गेल्यावर ती तार तुटली. जेवताना नुसता चमच्यांचा आवाज. मी काही विचारलं की "होय की," एवढंच. आमची मराठी पाच-सहा पिढ्या म्हैसूरात मुरलेली, निम्मी कन्नड झालेली. पुण्याहून आलेले माझे सहकारी ती ऐकून हसतात. पण त्या आठ महिन्यांत ती हसण्याजोगी मराठीसुद्धा घरात फारशी ऐकू येत नव्हती.

संध्याकाळी मी पाईप घेऊन आले तेव्हा त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी तरी हातात ट्यूबलाइट धरून उभं होतं. तिला वायर नव्हती, तरी ती पेटलेली होती. टेबलावर तांब्याच्या तारेचा एक उभा खांब.

"टेस्ला कॉइल," अण्णा म्हणाले. "ही सगळ्यात साधी. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक एलईडी. बाकी सगळं वाइंडिंग."

'वाइंडिंग' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं एखादा आपल्या गावाचं नाव घेतो.

तार बन्नीमंटपाच्या बाजूच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानातून आली. दुकानदार अण्णांचा जुना विद्यार्थी. केसासारखी बारीक, वर वार्निशचा पातळ थर असलेली तार. अण्णांनी दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये एक सळई बांधली, तिच्यात पाईप ओवला, आणि मला पाईप फिरवायला बसवलं. ते अंगठा आणि तर्जनीमध्ये तार धरून तिला वाट दाखवायचे. एका वेढ्याला चिकटून दुसरा वेढा, मध्ये फट नको. मोजताना बोलायचं नाही असा नियम. शंभर झाले की चिकटपट्टी लावून पाच मिनिटं विश्रांती.

त्या पाच-पाच मिनिटांत अण्णा बोलायला लागले.

पहिल्या शंभरानंतर ते म्हणाले, "तुझ्या आईला मी वर्कशॉप कधी दाखवलं नाही."

मी चिकटपट्टीचं टोक दाबून बसवलं.

"एकदा डबा घेऊन आली होती. विसरलो होतो मी. गेटपाशीच डबा घेतला आणि परत पाठवली. उन्हातनं आली होती, आत बस म्हणायला पाहिजे होतं, अल्वा, नाही का?"

"होय," मी म्हणाले.

"हं. चल. एकशे एक."

आठशे वेढ्यांना चार संध्याकाळी लागल्या. इतकं बोलणं आमच्यात आधीच्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

ते यंत्र सांगायला सोपं आहे. बारीक तारेचा उभा खांब ही सेकंडरी. तिच्या पायथ्याशी जाड तारेचे चार-पाच वेढे, ती प्रायमरी. मध्ये ट्रान्झिस्टर. तो प्रायमरीतला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा सोडतो आणि तोडतो, आणि कधी तोडायचा हे त्याला सेकंडरीच कळवते. असं होत होत खांबाच्या वरच्या टोकाशी दाब इतका चढतो की आजूबाजूची हवाच भारून जाते. अण्णांनी मला हे दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा समजावताना त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा काहीच झालं नाही. मी आणलेला सीएफएल दिवा खांबाजवळ धरून उभी, दिवा मढ्यासारखा पांढरा. ट्रान्झिस्टर मात्र तापत होता. अण्णांनी बोट लावून पाहिलं, बोट तोंडात घातलं आणि हसले.

"प्रायमरीची टोकं उलटी कर."

"एवढंच?"

"कर तर."

मी टोकं बदलली, स्विच लावला. दिव्याच्या नळ्यांतून आधी फिकट उजेड सरकला, मग सगळा दिवा पेटला. माझ्या हातात, कशालाही न जोडलेला. अण्णा खुर्चीतून उठले होते. आई गेल्यावर पहिल्यांदा मी त्यांचे सगळे दात पाहिले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सुधारणा. अण्णांचा कायदा असा की एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे बरं-वाईट कशामुळे झालं ते कळतं. एका रविवारी, तापू नये म्हणून, ट्रान्झिस्टरला अॅल्युमिनियमची पट्टी लावली. पुढच्या रविवारी नऊ व्होल्टच्या बॅटरीऐवजी बारा व्होल्टचा अॅडॉप्टर. मग प्रायमरीचे वेढे पाचाचे चार. मग खांबाच्या डोक्यावर स्टीलची एक छोटी वाटी उपडी घातली आणि तिच्यावर एक टाचणी उभी केली. त्या टाचणीच्या टोकावर पहिल्यांदा ठिणगी दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. आम्ही दोघंही नाकं पुढे करून तिच्याकडे बघत बसलो.

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. यंत्र चालू होतं. अण्णा शेजारी बसून प्रायमरीकडे बघत होते. "आता तीन वेढे करून बघ," असं काहीसं म्हणाले, आणि वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांची मान कलली. मग सगळं शरीरच खुर्चीतून घसरलं. मी स्विच बंद केला की आधी त्यांना धरलं, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी दारातून समोरच्या अक्कांना हाका मारत होते.

अक्का आमच्या समोर राहतात, रस्त्याच्या पलीकडे. मूळच्या सरगूरच्या. तिकडे पुष्कळ वर्षं नर्स होत्या, मुलाने घर बांधलं म्हणून इकडे आल्या. त्या अनवाणी धावत आल्या, अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "फार सावकाश आहे," त्या कन्नडमधून म्हणाल्या. "गाडी बोलाव."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदयाची स्वतःची वायरिंग असते म्हणाल्या. अण्णांच्या वायरिंगमध्ये वरचा निरोप खाली पोचत नव्हता. पेसमेकर बसवावा लागेल.

अण्णांना आत नेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठलं. आमच्या टेबलावर काय होतं ते सांगितलं. मग विचारलं, "त्यानेच झालं का हे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हे महिनोन्महिने चाललेलं असणार. त्यांना कधी चक्कर यायची का?"

मला माहीत नव्हतं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

"पण आता ते यंत्र त्यांच्या जवळ नको," त्या पुढे म्हणाल्या. "अशा गोष्टींनी पेसमेकर गोंधळू शकतो."

"किती लांब चालेल?"

"तुमचं यंत्र मी पाहिलेलं नाही. म्हणून मी एवढंच सांगेन, ते चालू असताना त्यांनी त्या घरात असू नये."

दुसऱ्या दिवशी अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या खांद्याखालच्या पट्टीवर हलकेच हात ठेवला. "म्हणजे आता सर्किट माझ्या आतच," ते म्हणाले. नर्सला ते विनोदी वाटलं. मला वाटलं नाही.

घरी आल्यावर मी कॉइल टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली. महिनाभर डावा हात वर उचलायचा नव्हता. अण्णा पेपर वाचायचे, कोथिंबीर निवडायचे, आणि पुन्हा "होय की"वर आले होते. महिना संपल्यावर एका शनिवारी जेवता जेवता म्हणाले, "ते खाली काढ."

"नको अण्णा."

"का नको?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांनी मला सांगितलंय. तुला काय सांगितलंय? तू कर. मी समोर जाऊन बसतो."

"आणि तिथे बसून काय करणार?"

"ते मी बघतो. तू तीन वेढे कर."

अशी आमची नवी पद्धत सुरू झाली. रविवारी दहा वाजता अण्णा रस्ता ओलांडून अक्कांच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. त्यांच्या खुर्चीपासून आमच्या टेबलापर्यंतचं अंतर मी त्याआधी टेपने मोजलं होतं. चाळीस फूट, मध्ये दोन भिंती. मोजल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलंसुद्धा. चालेल म्हणाल्या. फोन कानाला लावून आम्ही बोलायचो. ते उजव्या कानाला लावायचे, पेसमेकर डावीकडे म्हणून.

दुसऱ्याच रविवारी ते अक्कांचा छोटा रेडिओ मांडीवर घेऊन बसले. मी यंत्र लावल्याबरोबर फोनमध्ये त्यांचा आवाज आला, "थांब. बंद कर. आता लाव. हं! ऐकू येतंय!"

"काय?"

"तुझी कॉइल. रेडिओत गुरगुरते आहे."

मला फोनमधूनही ते ऐकू आलं. मी स्विच लावला की घर्र, काढला की नुसती खरखर. काटा अशा जागी होता जिथे कुठलंच केंद्र लागत नाही. तिथे आमचं लागलं होतं. अण्णा इतके खूश झाले की अक्कांना बोलावून ऐकवलं. मग पुन्हा फोनवर आले ते शिक्षक होऊनच. "ही गुरगुर म्हणजे अॅडॉप्टरची. त्याचा डीसी स्वच्छ नाही. मोठा कपॅसिटर घाल."

पुढच्या रविवारी मी मोठा कपॅसिटर घातला. स्विच लावला. फोनमध्ये काहीच नाही.

"अण्णा? चालू आहे बघा. दिवा पेटलाय."

"माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "खरखरसुद्धा थांबली. रेडिओ एकदम शांत झालाय. फार छान झालंय, पुट्टी."

ते काही वेळ तसेच फोन धरून राहिले. मीही स्विच काढला नाही. त्या व्हरांड्यात बसून ते माझं काम ऐकत होते, आणि काम चांगलं होतं म्हणून ऐकू काहीच येत नव्हतं.

तसे तीन-चार महिने गेले. मी साध्या ट्रान्झिस्टरच्या जागी मॉसफेट घातला, जास्त प्रवाह सोसणारा. दोन जळले. तिसऱ्याला मोठी पट्टी आणि छोटा पंखा लावला. दाब चोवीस व्होल्टपर्यंत नेला. आणि एका सकाळी टाचणीवर दोन पेरांएवढी ठिणगी उभी राहिली. सरळ नाही, झुडपासारखी फांद्या फुटलेली.

"किती मोठी?" फोनवर अण्णा.

"बोटाची दोन पेरं."

"रंग?"

"जांभळा."

"कसा जांभळा? वांग्यासारखा की जांभळासारखा?"

मी निरखून पाहिलं. "दोन्ही नाही. मध्ये पांढरट. मला सांगता नाही येत अण्णा."

"फोटो पाठव."

पाठवला. जवळ नेल्यावर फोन बावचळला, स्क्रीन आपोआप सरकायला लागला. लांबून काढला तर पांढरा डाग आला. व्हिडिओत नुसत्या आडव्या पट्ट्या. "कळत नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाऊ नाकारलेल्या लहान मुलासारखा होता, पण ते मला आत्ता वाटतं. तेव्हा मी वैतागले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी मी ठिणगी लावून प्रायमरी किंचित वर-खाली करून बघत होते. पंख्याचा आवाज होता. अण्णा फोन उचलत नव्हते, म्हणून समोर बघायला मी मागे वळले. ते दारात उभे होते. खोलीच्या दारात, यंत्रापासून सहा-सात पावलांवर. चष्मा पुसून घातलेला. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

मी स्विच नाही काढला, प्लगच उपटला. आणि ओरडले. इतकी ओरडले की अक्का त्यांच्या दारात आल्या.

"मरायचंय का तुम्हाला? मरायचं असेल तर मरा, पण माझ्या हातून नको! आईचं सगळं मी केलं, आता हेही माझ्याच डोक्यावर पाहिजे का?"

अण्णांनी डोळ्यांची उघडझाप केली. उजेडातून आल्यासारखी. मग म्हणाले, "सरी," आणि वळून आपल्या खोलीत गेले. सरी म्हणजे बरं. एवढंच.

त्यांना काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेऊन पेसमेकर तपासून आणला, ठीक होता. रिक्षातून येता-जाताना आम्ही रहदारीबद्दल बोललो.

रविवार आला तेव्हा मी विचारलं, "समोर जाताय ना?"

"नको. कंटाळा आला त्याचा," ते म्हणाले. "साकु आता, पुरे."

मी कॉइल पुन्हा टॉवेलात गुंडाळली. माफी मागायची होती. त्याऐवजी मी त्यांच्या आवडीचा बिसिबेळे भात केला. त्यांनी दोनदा वाढून घेतलं, छान झालं म्हणाले. आम्ही दोघंही ती गोष्ट तिथेच मिटली असं धरून चाललो. मी ऑफिसला जायचे, संध्याकाळी परत यायचे, ते टीव्हीसमोर असायचे. बोटांना चिकटपट्टी लावलेली एक-दोनदा दिसली. "भाजी चिरताना," म्हणाले.

डिसेंबरच्या थंडीत त्यांना खोकला झाला. चार दिवस ते नाही म्हणत राहिले, पाचव्या दिवशी ताप चढला. संसर्ग फुफ्फुसात उतरला होता. पुन्हा तेच हॉस्पिटल, वेगळा मजला. हृदय उत्तम चाललंय, असं डॉक्टर सांगायचे, यंत्र आपलं काम करतंय. बाकी काहीच करत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी खुर्ची जवळ ओढली.

"अण्णा, मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले..."

त्यांनी मास्क बाजूला सारला. "कुठल्या दिवशी?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. खरंच विसरले होते, की मला सोडवत होते, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी तोंड उघडेपर्यंत नर्सने येऊन मास्क जागेवर बसवला आणि मला रागावली. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले. दहनाच्या आधी पेसमेकर काढावा लागतो, नाही तर तो फुटतो. हे मला तेव्हा कळलं. त्या कागदावर सही मी केली.

दिवसकार्य झालं, नातेवाईक गेले. त्यानंतरच्या एका संध्याकाळी अक्का आल्या. हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काही तरी लांबलचक होतं. मला वाटलं, देवळातली उदबत्ती वगैरे असेल. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा जड लागलं.

चार इंची पाईप, दोन हात लांब. खालून वर तांब्याची तार गुंडाळत आलेली, तीन चतुर्थांश अंतरापर्यंत. शेवटच्या वेढ्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीने १०४०. उरलेली तार रिळावर, रीळ दोऱ्याने पाईपला बांधलेलं.

"हे काय अक्का?"

"तू ऑफिसला गेलीस की यायचे," अक्का म्हणाल्या. "माझ्या व्हरांड्यात बसून गुंडाळायचे. मी पाईप फिरवायची. तुला सांगायचं नाही म्हणाले."

"केव्हापासून?"

"तू त्या दिवशी ओरडलीस ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

 अक्काच सांगत राहिल्या. भाजीवाला ओरडला की अण्णांची मोजणी चुकायची, मग ते मागच्या पट्टीपासून पुन्हा मोजायचे. बोटं कापायची. डोळ्यांना बारीक तार दिसायची नाही म्हणून दुपारचं ऊन अंगणात येईल तशी खुर्ची सरकवायची.

"रागावले होते का माझ्यावर?"

अक्का विचार करून म्हणाल्या, "मी विचारलं होतं. ते म्हणाले, तिचं बरोबर आहे, मीच जायला नको होतं. मग म्हणाले, ठिणगी लहान आहे म्हणून जावं लागलं. मोठी केली तर इथूनच दिसेल."

मी पाईपवरून हात फिरवला. खालचे वेढे एकसारखे होते, रेशमासारखे. वर येता येता कुठे कुठे फटी होत्या, एक-दोन जागी वेढा वेढ्यावर चढला होता. तिथे त्यांनी वार्निश थापलं होतं.

उरलेले वेढे मी आणि अक्कांनी मिळून घातले, त्यांच्याच व्हरांड्यात. शंभर झाले की थांबायचो. अक्का सरगूरच्या घराबद्दल बोलायच्या, मी ऐकायचे.

मग माझ्या टेबलावर ती मोठी कॉइल उभी केली. जुनंच सर्किट, तोच मॉसफेट. ठिणगी आली ती पहिल्यापेक्षा लहान. कॉइल मोठी झाली तरी तिला हलवणारा जोर तेवढाच होता. मी तीन आठवडे खटपट केली. प्रायमरी मोठ्या घेराची केली, वेढे कमी-जास्त केले, टाचणी बदलली. एका वेळी एकच बदल. शेवटी ठिणगी पुन्हा दोन पेरांपर्यंत आली. तिथून पुढे सरकेना.

एका रविवारी दिवेलागणीला मी अक्कांना फोन करून व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. घरातले दिवे घालवले आणि स्विच लावला.

"दिसतंय अक्का?"

"दिसतंय ग, छान दिसतंय," अक्का म्हणाल्या. "केवढं मोठं."

मी खिडकीकडे वळले. पडदा ओढलेला होता.

मी खिडकीपाशी गेले. पडदा सारला. समोर अक्का फोन कानाला लावून आमच्या घराकडे तोंड करून उभ्या होत्या. मी विचारलं, "आता?"

त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडाआड हात धरून, डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "इल्ला, पुट्टी. नाही दिसत."

मी यंत्र बंद केलं आणि रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेले. त्यांनी कॉफी केली. आम्ही व्हरांड्यात बसलो. इतक्या साध्या सर्किटची ठिणगी चाळीस फुटांवरून दिसण्याएवढी होणं शक्य नाही, हे तोवर मला कळून चुकलं होतं. त्याला वेगळंच सर्किट लागतं, घरातल्या विजेवर चालणारं, जिवावर बेतणारं. आणि जे मला पुस्तकं वाचून तीन आठवड्यांत कळलं, ते जन्मभर वीज शिकवलेल्या माणसाला माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

"अक्का," मी विचारलं, "तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, खरंच इथून दिसेल का म्हणून?"

"विचारलं की. रोज विचारायची मी, थट्टेने."

"मग काय म्हणायचे?"

"नोडोणा म्हणायचे," अक्का म्हणाल्या. "बघूया म्हणायचे, आणि पुढचा वेढा घालायचे."